चरबी, ग्रंथी की कातडी? पुरुषाची छाती वाढते तेव्हा, तपासणीपासून ऑपरेशननंतरच्या सहा महिन्यांपर्यंत

घरी पाहुणे आले की मी उशी मांडीवर घेऊन बसायचो. मांडीवर म्हणजे खरं तर छातीशी. चौदाव्या वर्षी लागलेली ही सवय सव्विसाव्या वर्षापर्यंत सुटली नव्हती. सैल शर्ट, आत घट्ट बनियन, त्याच्या आत आणखी एक, पाठीला पोक, आणि पोहायला जायचं ठरलं की नेमकी त्याच दिवशी सर्दी. ज्याला हा त्रास आहे त्याला ही यादी मी सांगायची गरज नाही, त्याच्याकडे याहून लांब असेल.

माझी दोनदा ऑपरेशनं झाली. खरं तर एकातच काम व्हायला हवं होतं. पहिल्यांदा नुसतं लायपोसक्शन झालं. छातीची चरबी गेली, आणि निप्पलखालची घट्ट ग्रंथी आधी चरबीत लपलेली होती ती जास्तच ठळक दिसायला लागली. तिथल्या डॉक्टरांनी छाती नीट चाचपून बघितली नव्हती आणि मीही विचारलं नव्हतं. छातीत नेमकं काय वाढलंय हे न ठरवताच उपाय सुरू केला, की पैसे, वेळ आणि हिंमत तिन्ही वाया जातात. म्हणून हा लेख त्या प्रश्नापासूनच सुरू करतो. मी डॉक्टर नाही, या रस्त्याने दोनदा गेलेला माणूस आहे. निदान डॉक्टरांनीच करायचं आहे, पण त्यांच्यासमोर बसताना आपल्याला काय विचारायचं ते माहीत असावं.

आधी हाताने बघा

पुरुषाच्या छातीवर तीन गोष्टी वाढू शकतात. चरबी, स्तनग्रंथी आणि कातडी. बहुतेकांत यांचं मिश्रण असतं. ग्रंथी वाढलेली असेल तर तिला गायनेकोमास्टिया म्हणतात. नुसती चरबी असेल तर तो खोटा गायनेकोमास्टिया. दिसायला दोन्ही सारखे, उपाय मात्र वेगळे.

पलंगावर उताणे झोपा. उजवी बाजू बघायची असेल तर उजवा हात डोक्याखाली घ्या. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी छातीच्या दोन बाजूंना पसरून ठेवा आणि सावकाश, हलका दाब देत निप्पलकडे आणा. निप्पलच्या बरोबर खाली बोटांना काहीतरी अडलं, रबरासारखं, कडा लागणारं, दाबलं तर थोडं सरकणारं, तर ती ग्रंथी. बोटं मऊ पदार्थातून न अडखळता निप्पलपर्यंत येऊन भिडली तर चरबी. माझ्या उजव्या बाजूला ती चकती कोटाच्या मोठ्या बटणाएवढी होती, डाव्या बाजूला तिच्या जवळपास दुप्पट. दोन बाजू सारख्या नसणं अगदी नेहमीचं आहे, आणि एकाच बाजूला वाढ असणंही.

चकती दाबल्यावर दुखते का, हेही लक्षात ठेवा. नुकती वाढायला लागलेली ग्रंथी हुळहुळी असते, शर्ट घासला तरी कळतं. वर्ष उलटलं की ती आतून तंतुमय होते, दुखणं थांबतं आणि घट्टपणा राहतो. हा फरक पुढे गोळ्यांच्या बाबतीत फार महत्त्वाचा ठरणार आहे.

आता उठून आरशासमोर उभे राहा आणि थोडं पुढे वाका. छाती खाली लोंबते का? छातीखाली घडी पडते का? निप्पल त्या घडीच्या वर आहे की खाली? याचं उत्तर कातडीबद्दल सांगतं. ज्यांनी खूप वजन उतरवलंय त्यांच्यात बऱ्याचदा चरबी आणि ग्रंथी नावापुरती उरते, रिकामी कातडी तेवढी लटकते.

ही लक्षणं असतील तर वाचन थांबवून डॉक्टर गाठा

गाठ दगडासारखी कडक असेल, निप्पलच्या मध्यभागी नसून एका बाजूला असेल, हलवली तरी हलत नसेल. निप्पल आत ओढलं गेलं असेल, त्यातून पाणी किंवा रक्त येत असेल. वरच्या कातडीला खळगे किंवा जखम असेल. काखेत गाठ लागत असेल. पुरुषांना स्तनांचा कर्करोग होतो. स्तनांच्या एकूण कर्करोगांत त्यांचं प्रमाण सुमारे १ टक्का आहे, म्हणजे दुर्मीळ, पण शून्य नाही. अशा वेळी मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि गरज पडल्यास बायोप्सी होते. साध्या गायनेकोमास्टियाचं रूपांतर कर्करोगात होईल म्हणून मात्र झोप उडवून घेऊ नका.

आणखी एक, जे कोणी स्वतःहून सांगत नाही. अंडकोषही हाताने तपासा. गरम पाण्याच्या आंघोळीनंतर, दोन्ही बाजू बोटांत हलकेच फिरवून. न दुखणारी कडक गाठ लागली तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. अंडकोषाच्या काही गाठी अशी संप्रेरकं (हॉर्मोन्स) तयार करतात की आधी छातीच वाढलेली दिसते.

कारण शोधा, कारण ते चालू राहिलं तर ऑपरेशनही वाया जाईल

पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाबरोबर थोडं इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरकही असतं. स्तनग्रंथीला इस्ट्रोजेन वाढवतं, टेस्टोस्टेरॉन आवरतं. हा तराजू इस्ट्रोजेनकडे झुकला की ग्रंथी वाढते. तो झुकतो कशामुळे, हा खरा तपास.

आयुष्यात तीनदा तो आपोआप झुकतो. जन्मल्यावर, आईच्या इस्ट्रोजेनमुळे, आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतरतो. मग वयात येताना, साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षी. आणि पन्नाशीनंतर, जेव्हा टेस्टोस्टेरॉन घटतं आणि अंगावरची चरबी वाढते. चरबी इथे नुसती बसून राहत नाही. तिच्यात अरोमाटेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं. म्हणून वजन वाढलं की खरी ग्रंथीही वाढू शकते.

यानंतर औषधांकडे बघा. रक्तदाब, हृदय किंवा यकृताच्या आजारात दिलं जाणारं स्पायरोनोलॅक्टोन हे ठळक उदाहरण. प्रोस्टेटसाठीची फिनॅस्टेराइड आणि ड्युटास्टेराइड (पहिलं केस गळण्यावरही देतात), प्रोस्टेटच्या कर्करोगातलं बायकॅल्युटामाइड, पित्तावरचं जुनं सिमेटिडिन, बुरशीवरचं किटोकोनॅझोल, मानसिक आजारांतलं रिस्पेरिडोन. घेत असलेल्या प्रत्येक गोळीचं नाव कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या. पण एकही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. बऱ्याचदा त्याच आजारावर छातीला कमी त्रास देणारा पर्याय मिळतो. तो निवडणं हे औषध लिहून देणाऱ्याचं काम.

जिममधली इंजेक्शनं आणि गोळ्या हा वेगळाच मामला. बाहेरून घेतलेल्या ॲनाबॉलिक स्टेरॉइडपैकी काहींचं शरीरात इस्ट्रोजेन होतं. कोर्स थांबवल्यावर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन झोपलेलं असतं, त्यामुळे तराजू आणखी झुकतो. घेतली असतील तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. ते पोलिसात देणार नाहीत. लपवलं तर रक्ताचे आकडे कोड्यासारखे दिसतात आणि नको त्या तपासण्या होतात. दारूचंही तसंच. जास्त दारू यकृत आणि अंडकोष दोन्हीकडून छातीवर येते.

आजारांत यकृताचा सिऱ्हॉसिस (यकृत कडक होऊन निकामी होत जाणं), मूत्रपिंड निकामी होणं, थायरॉइड जास्त चालणं, टेस्टोस्टेरॉन मुळातच कमी असणं ही मुख्य कारणं. क्लाइनफेल्टर सिंड्रोममध्ये पुरुषाला एक्स गुणसूत्र एक जास्त असतं. उंच बांधा, लहान आणि घट्ट अंडकोष, विरळ दाढी असं चित्र असेल तर त्याची तपासणी करतात, कारण या पुरुषांत स्तनांच्या कर्करोगाचा धोका इतर पुरुषांपेक्षा बराच जास्त असतो. एक वेगळं उदाहरण इतिहासातलं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या कैद्यांना पोटभर खायला मिळायला लागल्यावर त्यांच्यातल्या अनेकांची छाती वाढली. उपासमारीत बंद पडलेलं संप्रेरकांचं यंत्र पुन्हा सुरू होताना वयात येण्यासारखीच अवस्था येते. मोठ्या आजारातून उठून वजन भरून येताना असं झालं तर घाबरायचं कारण नाही, काही महिन्यांत ओसरतं.

आणि बऱ्याच जणांत काहीच कारण सापडत नाही. माझंही सापडलं नाही.

तपासण्या

प्रत्येकाला सगळ्या लागत नाहीत. किशोरवयातली नेहमीची वाढ असेल तर डॉक्टर नुसतं तपासून घरी पाठवतात, आणि ते बरोबरच आहे. मोठ्या वयात, अचानक, झपाट्याने किंवा दुखत वाढ झाली असेल तर रक्तात टेस्टोस्टेरॉन, इस्ट्रॅडिओल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार), एलएच, एफएसएच व प्रोलॅक्टिन (मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीची संप्रेरकं), थायरॉइड, यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या करतात. यात एचसीजीही असतं. गरोदरपणाच्या चाचणीत बघतात तेच. ‘पुरुषाला ही चाचणी कशाला’ असं प्रयोगशाळेतला माणूस विचारतो, माझ्या बाबतीत विचारलंच. अंडकोषातल्या किंवा इतर ठिकाणच्या काही गाठी ते तयार करतात, म्हणून. टेस्टोस्टेरॉनसाठी रक्त सकाळी द्या, ८ ते १० च्या दरम्यान. दिवसभरात त्याची पातळी उतरत जाते आणि दुपारचा आकडा फसवतो.

थांबायचं, गोळी घ्यायची की ऑपरेशन?

मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा असेल तर थांबायचं. बहुतेक मुलांत हे सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरतं. सतराव्या वर्षानंतरही टिकून राहिलं तर ते आपोआप जाण्याची शक्यता कमी. आई-वडिलांना एक सांगणं आहे. ‘वाढत्या वयात होतंच’ हे वाक्य खरं आहे, पण मुलगा खेळाच्या तासाला दांडी मारायला लागला असेल तर ते वाक्य पुरत नाही. त्याला डॉक्टरांकडे न्या, त्यांच्या तोंडून ऐकू द्या. त्यांनीही थांबाच म्हटलं तरी आपलं कोणीतरी ऐकलं, याने फरक पडतो.

वजन जास्त असेल तर आधी वजन. चरबीचा वाटा त्याने कमी होतो आणि उरतं काय तेही स्पष्ट दिसतं. पण ग्रंथी व्यायामाने विरघळत नाही. मी दोन वर्षं बेंच प्रेस मारून हे सिद्ध केलंय. खालचा स्नायू फुगला आणि त्याने वरची ग्रंथी आणखी पुढे ढकलली. छाती ‘कमी करणारी’ मलमं आणि चूर्णं यांच्यावर एक पैसाही खर्च करू नका.

गोळ्यांची खिडकी लहान असते. टॅमॉक्सिफेन हे स्तनांच्या कर्करोगावरचं औषध इस्ट्रोजेनला ग्रंथीपाशी अडवतं. वाढ नवी असेल, दुखत असेल, तर काही महिन्यांच्या कोर्सने दुखणं कमी होतं आणि बऱ्याच जणांत आकारही. वर्षभरानंतर ग्रंथी तंतुमय झाली की त्याचा फारसा उपयोग होत नाही. रक्ताच्या गुठळ्यांसारखे दुष्परिणाम असल्यामुळे ते संप्रेरक तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यायचं. जिममधल्या मित्राच्या हातून नाही.

ऑपरेशनचा विचार केव्हा करायचा? वाढ वर्षभर तरी स्थिर आहे, कारण शोधून झालंय किंवा दूर केलंय, वजन निदान सहा महिने फारसं हललेलं नाही, वय साधारण अठरा पूर्ण आहे, आणि छाती तुमच्या रोजच्या जगण्याच्या आड येतेय. शेवटचा मुद्दा इतरांनी ठरवायचा नाही. ‘कपड्यांत दिसत तरी नाही’ असं म्हणणाऱ्याला दोन बनियनांचा उकाडा माहीत नसतो. उलट बाजूही आहे. आरशात कोणाला न दिसणारा बारीक उंचवटा तुम्हाला दिवसभर छळत असेल तर आधी मानसोपचार तज्ज्ञाशी बोला. त्या त्रासाचं मूळ छातीत नसतं, त्यामुळे सुरी तिथवर पोचत नाही.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात

हा उपाय जुना आहे. सातव्या शतकात इजिनाच्या पॉलस नावाच्या ग्रीक वैद्याने पुरुषाची वाढलेली छाती कापून कमी करण्याची रीत लिहून ठेवली. आजची वर्गवारी मात्र १९७३ मध्ये सायमन आणि सहकाऱ्यांनी दिलेली, आणि सर्जन अजून ती वापरतात. पहिली श्रेणी, थोडी वाढ, कातडी बरोबर. दुसरीचे दोन भाग, मध्यम वाढ जादा कातडीशिवाय आणि मध्यम वाढ जादा कातडीसह. तिसरी, मोठी वाढ आणि लोंबणारी कातडी. तुमची श्रेणी कुठली हे पहिल्याच भेटीत विचारा. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

चरबीसाठी लायपोसक्शन. आधी छातीत भरपूर द्रव भरतात. सलाईनमध्ये भूल देणारं लिडोकेन आणि रक्तवाहिन्या आकुंचित करणारं ॲड्रेनालिन मिसळलेलं असतं. त्यामुळे रक्त फार कमी जातं. मग काखेजवळ किंवा छातीच्या घडीत काही मिलिमीटरचं छिद्र पाडून बारीक नळी घालतात आणि मागेपुढे करत चरबी ओढून घेतात. नळी कंप पावणारी असू शकते, किंवा आधी अल्ट्रासाउंड लहरींनी चरबी पातळ करतात. जाहिरातींत यंत्रांची नावं मोठ्या अक्षरांत असतात. माझं मत विचाराल तर नळी कोणाच्या हातात आहे हे जास्त महत्त्वाचं.

ग्रंथी या नळीतून सहसा येत नाही, ती तंतुमय असते. तिला कापूनच काढावं लागतं. १९४६ मध्ये वेबस्टर यांनी वर्णन केलेला अर्धगोल छेद आजही तोच. निप्पलभोवतीचं गडद वर्तुळ जिथे संपतं आणि फिकी कातडी सुरू होते, त्या सीमारेषेच्या खालच्या अर्ध्या भागावर, घड्याळात ३ पासून ९ पर्यंत. दोन रंगांच्या सीमेवर असल्याने व्रण पुढे शोधावा लागतो. काही सर्जन लायपोसक्शनच्याच छिद्रातून ग्रंथी तुकड्यातुकड्याने ओढून काढतात. ग्रंथी लहान असेल तर ते जमतं.

आता इथे एक बारीक गोष्ट, जी मला दुसऱ्या सर्जनने कागदावर चित्र काढून दाखवली. त्यांनी छातीची एक आडवी रेघ काढली, वर निप्पलचा टिंब, खाली ग्रंथीचा गोळा. मग पेन्सिलने सगळा गोळा खोडला, टिंब खाली स्नायूवर आणून चिकटवला आणि म्हणाले, “सगळं काढलं तर हे असं होईल. बशी.” निप्पलखाली साधारण एक सेंटिमीटर जाडीचा थर मुद्दाम ठेवावा लागतो. तो आधारही देतो आणि निप्पलचा रक्तपुरवठाही राखतो. त्यामुळे ‘शंभर टक्के ग्रंथी काढतो’ अशी हमी ऐकली की सावध व्हा. ग्रंथी राहून गेली तर दुसऱ्यांदा काढता येते. पडलेला खड्डा भरायला मात्र दुसरीकडून चरबी आणावी लागते, आणि तरी पूर्वीसारखं होईलच असं नाही.

उरली कातडी. पहिल्या आणि दुसऱ्या श्रेणीत, वय कमी असेल तर ती पुढच्या तीन ते सहा महिन्यांत आपोआप आक्रसते, म्हणून बरेच सर्जन पहिल्या ऑपरेशनात तिला हात लावत नाहीत. थोडी जास्त असेल तर निप्पलभोवती दोन वर्तुळांमधली कातडी काढून चुणीसारखी आवळतात. खूपच लोंबत असेल तर छातीखालच्या घडीत आडवा लांब छेद घेऊन जादा कातडी काढतात आणि निप्पल वर सरकवतात, किंवा पूर्ण सुटं करून कातडीच्या कलमासारखं नव्या जागी बसवतात. कलम केलेल्या निप्पलला पूर्वीसारखी संवेदना राहत नाही आणि व्रण आयुष्यभर दिसतात. हे आधीच मान्य असेल तरच तिकडे वळा.

सर्जन निवडताना

प्लास्टिक सर्जरीची रीतसर पदवी, आणि ज्या जागी ऑपरेशन होणार तिथे भूलतज्ज्ञ व तातडीची सोय, या दोन गोष्टींवर तडजोड नाही. पहिल्या भेटीत सर्जनने शर्ट काढायला लावून बोटांनी चाचपलं नाही आणि तारीखच दिली, तर उठून या. मी उठलो नव्हतो.

विचारायचे प्रश्न लिहून न्या, कारण आत गेल्यावर आठवत नाहीत:

- माझ्यात चरबी किती, ग्रंथी किती, आणि कातडी जास्त आहे का?
- ग्रंथी कापून काढणार की नुसतं लायपोसक्शन?
- छेद कुठे, व्रण किती लांब?
- पूर्ण भूल की झोपेच्या औषधासह स्थानिक?
- काढलेला भाग पॅथॉलॉजीला पाठवणार ना?
- दुरुस्ती करावी लागली तर तिचा खर्च कोणाचा?
- माझ्यासारख्या छातीचे ऑपरेशननंतर सहा महिन्यांचे फोटो दाखवाल?

सहा महिन्यांचे, कारण दुसऱ्या आठवड्याच्या फोटोतली सूज काहीही लपवू शकते.

आधीचे आठवडे

सिगारेट आणि तंबाखू निदान चार आठवडे आधी बंद आणि नंतरही तेवढेच. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि निप्पलच्या कातडीला तेच परवडत नाही. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, फिश ऑइल, व्हिटॅमिन ई यांमुळे रक्तस्राव वाढू शकतो. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारं औषध हृदयासाठी चालू असेल तर ते कधी थांबवायचं की थांबवायचंच नाही, हे हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन यांनी मिळून ठरवायचं. पुढून उघडणारे शर्ट दोन-तीन काढून ठेवा. डोक्यावरून घालायचे कपडे पहिला आठवडा जमत नाहीत. छातीवरचे केस घरी काढू नका, ब्लेडच्या ओरखड्यांतून संसर्ग होतो.

त्या दिवशी

उपाशी पोटी जायचं असतं. साधारण सहा तास आधी खाणं बंद, दोन तास आधी साधं पाणीही. तुमच्या भूलतज्ज्ञाने वेगळं सांगितलं तर ते ऐका. भूल देण्याआधी सर्जन तुम्हाला उभं करून छातीवर मार्करने रेघा काढतात, कारण आडवं झाल्यावर छातीचा आकार बदलतो. इतकी वर्षं जे लपवलं ते उजेडात उघडं ठेवून उभं राहणं, त्यावर कोणीतरी नकाशा काढणं... माझ्यासाठी त्या दिवसातली तीच पाच मिनिटं सगळ्यात अवघड होती. बाकीचा एक-दीड तास मला आठवत नाही.

बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात. कधी दोन्ही बाजूंना बारीक नळ्या ठेवतात, साचलेलं रक्त-पाणी बाहेर यायला. एक ते तीन दिवसांत त्या निघतात. सोबत माणूस हवाच, स्वतः गाडी चालवून यायचं नाही.

नंतर

छातीवर घट्ट कम्प्रेशन बनियन घालूनच जाग येते. ते साधारण चार ते सहा आठवडे घालायचं, सुरुवातीला दिवसरात्र, फक्त आंघोळीपुरतं काढून. सूज आटोक्यात राहते, आत पाणी साचत नाही, कातडी खाली चिकटते. दोन घेऊन ठेवा, एक धुवायला जातं. पहिल्यांदा बनियन काढताना घरातलं कोणीतरी न्हाणीघराच्या दाराशी असू द्या आणि आत स्टूल ठेवा. दोन-तीन दिवस आवळलेली छाती एकदम मोकळी होते, समोर आरशात निळी-जांभळी कातडी दिसते, आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. मी नळ घट्ट धरून खाली बसलो होतो, तिथूनच हाक मारली.

दुखणं जोरात व्यायाम केल्यानंतर अंग दुखतं तसं असतं. तीन-चार दिवसांत साध्या गोळ्यांवर येतं. पहिल्याच दिवसापासून घरात चाला, पायांत रक्त साकळू नये म्हणून. उताणं झोपा, पाठीमागे उशा लावून. टेबलावरचं काम तीन ते सात दिवसांत जमतं. पाच किलोपेक्षा जड काही दोन-तीन आठवडे उचलू नका, लहान मूल धरून. चालणं वाढवत न्या, पण छातीचे व्यायाम आणि पोहणं सहा आठवड्यांनंतर, सर्जनने हो म्हटल्यावरच. काळंनिळंपण दोन-तीन आठवड्यांत जातं. निप्पल बधिर होणं किंवा विचित्र झिणझिणणं महिनोन्‌महिने चालतं आणि बहुतेकांत हळूहळू जातं. कातडीखाली घट्ट गोळे लागतात, ते ग्रंथी परत आली असं वाटून घाबरवतात. तो बरं होतानाचा घट्टपणा असतो, तीन ते सहा महिन्यांत मऊ पडतो. व्रण आधी लाल होतो, मग वर्षभरात फिका पडतो. तोवर त्याला उन्हापासून जपा. टाके सुकल्यावर सिलिकॉन जेल लावायचं का तेही विचारून घ्या.

एक बाजू अचानक दुसरीपेक्षा फुगली, ताणली गेली आणि दुखायला लागली तर रात्र असली तरी फोन करा. आत रक्त साचलंय, आणि ते पहिल्या दिवसांतलं सगळ्यात नेहमीचं संकट. लवकर काढलं तर पुढे काही उरत नाही. ताप, वाढती लाली, पू, निप्पल काळं पडणं, पोटरी सुजून दुखणं यांनाही सकाळपर्यंत थांबायचं नाही. छातीत दुखणं किंवा धाप लागणं असेल तर फोन नाही, थेट तातडीचा विभाग. पिवळसर पाणी साचणं सौम्य असतं, सुईने काढून देतात. उशिरा दिसणाऱ्या कुरबुरी म्हणजे दोन बाजूंत फरक, उंचसखलपणा, निप्पलखालचा खड्डा, जाड होत जाणारा व्रण. केलॉइड होण्याची प्रवृत्ती असेल, म्हणजे आधीच्या एखाद्या जखमेचा व्रण असा वाढला असेल, तर ते ऑपरेशनच्या आधी सांगायचं असतं, नंतर नाही.

पॅथॉलॉजीचा अहवाल मागून घ्या आणि फाइलमध्ये ठेवा. आकाराबद्दल तक्रार असेल तर सहा महिने तरी दम धरा. त्याआधी सूज आणि घट्टपणा यांनाच आपण दोष समजतो आणि घाईची दुरुस्ती नवा दोष देते. महिन्याला एक फोटो, त्याच जागी, त्याच उजेडात, हात खाली सोडून. तुलना आठवणीतल्या छातीशी करू नका, फोटोशी करा. आणि ऑपरेशन नीट होऊन वर्ष-दोन वर्षांनी निप्पलखाली पुन्हा हुळहुळं व्हायला लागलं, तर सर्जनची वेळ घेण्याआधी रक्त तपासा आणि मधल्या काळात सुरू झालेल्या गोळ्यांची यादी काढा.